डीएमएसओ १०० मिली ड्रॉपर बाटली : माल खरा वाटतोय, पण गुडघ्याला लावायला घेऊ नका

पाचपैकी दोन स्टार. एक पॅकिंगसाठी, एक बाटलीत बहुतेक खरंच डीएमएसओ आहे म्हणून. बाकीचे तीन का कापले ते सांगते.

प्रॉडक्ट म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, सगळे डीएमएसओच म्हणतात. १०० मिलीची पारदर्शक प्लास्टिकची बाटली, काळ्या रबरी बोंडाचा ड्रॉपर, ५४९ रुपये, लेबलवर मोठ्या अक्षरात "९९.९% प्युअर". ऑनलाइन मागवली माझ्या आतेभावाने, आत्याच्या गुडघ्यांसाठी, कारण व्हॉट्सॲपवर कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता की हे लावलं की ऑपरेशन टळतं. आत्या शहाणी, लावायच्या आधी तिने मला फोन केला, "तू औषधांच्या कंपनीत आहेस ना गं, बघ जरा, लावू का हे?" मी तारापूर एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात आहे, डीएमएसओचे ड्रम आमच्याकडे कच्चा माल म्हणून येतात, सॅम्पलिंग टेस्टिंग आम्हीच करतो, त्यामुळे या एका लिक्विडबद्दल मला बोलता येतं. आणि विक्रीच्या पेजवर खाली पाच-पाच स्टार देऊन लोक जे लिहितायत, रोज डोळ्यात दोन थेंब टाकतो, सकाळी पाण्यात घालून पितो, ते वाचून गप्प बसवलं नाही.

पॅकिंग चांगलं आहे, ते मान्य. बबल रॅप, झाकणाखाली ॲल्युमिनियमचं सील, एक थेंब सांडलेला नव्हता. डिलिव्हरी पण वेळेत.

मग माल खरा आहे का ते घरच्या घरी जेवढं बघता येतं तेवढं बघितलं. डीएमएसओ साडेअठरा डिग्रीला गोठतं, थंडीत आमच्या स्टोअरमध्ये सुद्धा कधीकधी ड्रम तळाशी घट्ट झालेला सापडतो. बाटली डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली (खाण्याच्या वस्तू बाजूला काढून), काही तासांत आतलं सगळं पांढरं स्फटिकासारखं घट्ट. पाणी मिसळलेलं असतं तर गोठण्याचा पॉइंट बराच खाली गेला असता आणि ते असं चटकन घट्ट झालं नसतं. म्हणजे डीएमएसओ आहे आणि पाणी फार नाही, एवढं म्हणता येतं. पण यावरून पुढचं काहीच कळत नाही, आणि खरा प्रश्न पुढचाच आहे.

लेबल नीट बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. बॅच नंबर आहे, पण उत्पादन कुणाचं ते नाही, फक्त मार्केटिंग करणाऱ्याचं नाव. ग्रेड, म्हणजे माल औषधाचा की इंडस्ट्रियल, लिहिलेली नाही. एक्सपायरी नाही. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात "फॉर लॅबोरेटरी यूज ओन्ली", आणि पेजवरच्या फोटोत मात्र एक आजोबा गुडघा चोळतायत. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? प्रयोगशाळेसाठी विकायचं तर फोटोत फ्लास्क दाखवा, माणसाला लावायला विकायचं तर औषधाचं लायसन्स नंबर दाखवा.

आता एक गोष्ट जी बघून मी आतेभावाला लगेच फोन केला. ड्रॉपर बाहेर काढताना एक थेंब बाटलीवरून ओघळला आणि लेबलच्या निळ्या शाईवर जाऊन थांबला. कापसाने पुसायला गेले तर शाई विरघळून कापूस निळा. पाण्याने ती शाई हलत नाही, मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला पाणी लावून बघितलं, हलली नाही. म्हणजे बाटली हातात धरून आत्याने ड्रॉपर वापरला असता तर ती शाई आधी बोटांवर आली असती आणि डीएमएसओसोबत कातडीत गेली असती. या लिक्विडचा सगळा फायदा आणि सगळा धोका त्या निळ्या कापसात दिसतो.

कारण हे सॉल्व्हंट, म्हणजे दुसऱ्या वस्तू विरघळवणारं द्रव, हमालासारखं आहे, दारात जे पडलेलं असेल ते उचलून आत नेतं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि त्यांच्यामधल्या चरबीचा असतो, तोच आपला बाहेरचा दरवाजा. डीएमएसओ त्या चरबीची मांडणी सैल करतं, स्वतः काही मिनिटांत आत शिरतं, आणि सोबत विरघळलेले लहान रेणू पण नेतं. प्रोटीनसारखं मोठं काही जात नाही, सगळंच जातं असं नाही, पण औषधं, रंग, कीटकनाशकं, परफ्यूममधली केमिकल्स ही बहुतेक लहानच असतात. आत जातं याचा पुरावा तुमचं तोंडच देतं, पायाला लावलं तरी थोड्या वेळात जिभेवर लसणासारखी चव येते, आणि श्वासाला, घामाला तो वास तीन दिवसांपर्यंत राहू शकतो, कारण शरीर त्यातला थोडा भाग डायमिथाइल सल्फाइडमध्ये बदलून श्वासावाटे बाहेर टाकतं.

आमच्याकडे औषधात शिल्लक राहणाऱ्या सॉल्व्हंटची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन असते, आयसीएच, त्यात डीएमएसओ तिसऱ्या वर्गात आहे, म्हणजे कमी विषारी वर्गात, दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. हे मुद्दाम सांगतेय कारण मला कुणाला उगाच घाबरवायचं नाही. स्वच्छ डीएमएसओ स्वतः काही जहाल विष नाही. पण म्हणूनच त्यात दुसरं काय आहे आणि तुमच्या कातडीवर त्या वेळी काय आहे हे बघणं जास्त महत्त्वाचं. इंडस्ट्रियल ग्रेडचा माल रंग काढायला, सर्किट साफ करायला वापरतात, तिथे थोडी अशुद्धी चालते. ९९.९ टक्के ऐकायला छान वाटतं, पण उरलेला ०.१ टक्का काय आहे हे सांगणारा कागद म्हणजे सीओए, ॲनालिसिसचा दाखला. आमच्याकडे सीओए नसेल तर ड्रम गेटवरूनच परत जातो.

आत्याचं घर तासगावच्या बाजूला, द्राक्षबाग आहे. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको की छाटणीनंतर किती फवारण्या होतात, डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी वेगवेगळ्या, पावसाचं वातावरण झालं की दिवसाआड. आतेभाऊ सकाळी ट्रॅक्टरवर ब्लोअरने फवारून येतो, हातपाय धुतो, आणि संध्याकाळी आईचे पाय चेपतो. हात धुतले तरी नखांत, मनगटाच्या घड्याळाखाली, शर्टाच्या बाहीवर औषध राहतंच. त्याच हाताने डीएमएसओ चोळलं तर काय होईल ते मी वर लिहिलंय. त्याच्या स्वतःच्या हातातून पण आत जाणार, आईच्या गुडघ्यातून पण. एरवी कातडी बऱ्यापैकी अडवते म्हणून आपण वाचतो, ती अडवणूकच आपण स्वतः काढून टाकायची का? फवारणी करणाऱ्या घरात ही बाटली असूच नये असं माझं ठाम मत आहे, आणि सेलरच्या पेजवर याबद्दल एक ओळ नाही. बाम लावून वर हे लावा, हळदीच्या लेपात मिसळा असं मात्र रिव्ह्यूवाले एकमेकांना सांगतायत. बाममध्ये काय काय असतं ते बघा, ते सगळं कातडीवर राहायचं म्हणून त्या प्रमाणात बनवलेलं असतं, आत ढकलायचं म्हणून नाही.

मग हे औषध आहे की नाही? आहे, पण डॉक्टरच्या हातात आणि ठरलेल्या जागी.

इतिहास थोडक्यात सांगते कारण फॉरवर्डमध्ये तो अर्धवट येतो. रशियन केमिस्ट अलेक्झांडर झायत्सेव्हने १८६६ मध्ये हे पहिल्यांदा बनवलं, पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते नुसतं सॉल्व्हंट होतं. लाकडाच्या लगद्यापासून कागद बनवताना निघणाऱ्या गंधकाच्या संयुगापासून ते स्वस्तात बनतं, म्हणून सेलर "१००% नॅचरल, झाडापासून" लिहितो, जे वाचून मला राग येतो कारण मध्ये अख्खा कारखाना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोर्टलंडच्या मेडिकल स्कूलमधले सर्जन डॉ. स्टॅन्ले जेकब यांनी ते कातडीतून आत जातं हे बघून माणसांवर वापरायला सुरुवात केली, सूज, दुखणं, भाजणं, सगळ्यावर. मग १९६५ मध्ये प्राण्यांच्या डोळ्यातल्या भिंगात बदल दिसले आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, चाचण्या थांबवल्या. माणसात तसं नुकसान सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून डोळ्यांची तपासणी या औषधाला चिकटली ती आजपर्यंत. आणि लोक हेच डोळ्यात टाकतायत.

१९७८ मध्ये एफडीएने एका आजारासाठी परवानगी दिली, इंटरस्टिशियल सिस्टायटिस, मूत्राशयाचा जुनाट दाह, ज्यात बायकांना तासातासाला बाथरूमला पळावं लागतं आणि ओटीपोट सतत दुखतं. ५० टक्के पाण्यातलं निर्जंतुक द्रावण, ५० मिली, कॅथेटरने (बारीक नळीने) मूत्राशयात सोडायचं, १५ मिनिटं धरून ठेवायचं, मग लघवीवाटे काढून टाकायचं, आराम पडेपर्यंत दर दोन आठवड्यांनी. सोबत डोळ्यांची तपासणी, आणि साधारण सहा महिन्यांनी लिव्हर, किडनी, रक्ताच्या टेस्ट. कुणाला हा त्रास असेल तर यूरोलॉजिस्टशी नक्की बोला, बऱ्याच बायका वर्षानुवर्षं नुसतं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक घेत राहतात. पण ते द्रावण वेगळं आणि ही ड्रॉपरची बाटली वेगळी, घरी पाणी मिसळून ५० टक्के केलं म्हणजे ते औषध होत नाही.

दुसरा मोठा उपयोग फार कमी लोकांना माहीत असतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी काढलेल्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीच्या आसपास ठेवतात तेव्हा त्यात साधारण १० टक्के डीएमएसओ असतं, त्यामुळे पेशीत बर्फाचे सुयासारखे स्फटिक होऊन ती फुटत नाही. नंतर त्या पेशी पेशंटला परत चढवताना अख्ख्या खोलीत लसणाचा वास येतो, मळमळतं, कधी बीपी खाली येतं, म्हणून नर्स बाजूला उभी असते. ज्यांच्या घरातलं माणूस यातून गेलंय त्यांना तो वास बरोबर आठवेल. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात भरायचं एक प्लास्टिकसारखं मटेरियल पण डीएमएसओमध्येच विरघळवून सोडतात. अमेरिकेत घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या सुजेसाठी जनावरांचं औषध म्हणून पण मिळतं.

आता गुडघा, ज्यासाठी ९० टक्के लोक ही बाटली घेत असतील. अमेरिकेत २००९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी डायक्लोफेनॅक या दुखणं-सूज कमी करणाऱ्या औषधाचे थेंब मंजूर झाले, त्यात सुमारे ४५ टक्के डीएमएसओ आहे. फॉरवर्डवाले एवढंच सांगतात. पुढचं सांगत नाहीत की त्या औषधाच्या एका १२ आठवड्यांच्या चाचणीत, सातशेहून जास्त पेशंट होते, एका गटाला डायक्लोफेनॅक नसलेलं नुसतं डीएमएसओवालं द्रावण दिलं होतं, आणि त्याचा गुण खोट्या औषधापेक्षा जास्त आला नाही. काम डायक्लोफेनॅकने केलं, डीएमएसओने फक्त त्याला आत पोचवलं. मग नुसत्या डीएमएसओला ५४९ रुपये घालून आत्याने गुडघ्यात काय पोचवायचं? डायक्लोफेनॅकचं जेल कुठल्याही मेडिकलमध्ये याच्या कितीतरी कमी पैशात मिळतं, ते पण पित्ताचा, किडनीचा, बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून. आणि मेडिकलमधलं जेल आणून त्यात हे घरी मिसळू नका, किती औषध आत जाईल याचा काही हिशोब राहत नाही.

कॅन्सर बरा होतो हे पेजवर लिहिलंय ते सरळ खोटं आहे, डीएमएसओने माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. केमोच्या वॉर्डात डीएमएसओ कधीकधी वापरतात ते वेगळ्या कारणासाठी, ठरावीक केमोचं औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडू नये म्हणून वरून लावतात. आपल्याकडे कॅन्सर, मोतीबिंदू बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे. मी पेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, अन्न व औषध प्रशासनाला पाठवणार आहे, तुम्हीही पाठवा.

ज्यांना डॉक्टरनेच डीएमएसओ असलेलं काही लावायला दिलंय त्यांच्यासाठी काही गोष्टी. जागा साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडी करा, ओल्या कातडीवर लावलं की पाण्याशी मिसळून गरम होतं आणि भाजल्यासारखं वाटतं. तिथे आधी क्रीम, बाम, डासांचं क्रीम, परफ्यूम, मेंदी काही नको, आणि लावल्यावर वाळेपर्यंत रंग जाणारी साडी किंवा नवी जीन्स टेकवू नका. थोडी खाज, लाली, गरमपणा येतो, ते होतं, पण अंगभर पित्त उठलं, धाप लागली, ओठ सुजले तर थांबा आणि सरळ दवाखाना गाठा. जखमेवर, डोळ्याजवळ, लहान मुलांना नको, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय हातही लावू नये. संधिवातासाठी सुलिंडॅक नावाची गोळी चालू असेल तर डीएमएसओ अजिबात नको, दोन्ही एकत्र घेतल्यावर नसांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्या गोळीच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलेलं असतं. रक्त पातळ करायच्या किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला तोंडाने सांगा, तो विचारेल याची वाट बघू नका.

दुसऱ्याला लावून देणाऱ्याने उघड्या हाताने लावायचं नाही. आम्ही लॅबमध्ये पातळ ग्लोव्हजवर विसंबून राहत नाही, जास्त वेळ काम असेल तर ब्युटाइल रबरचे घालतो, आणि ग्लोव्हवर थेंब पडला की लगेच काढून टाकतो, कारण ग्लोव्हवरची घाण घेऊन ते आत येऊ शकतं. ठेवायचं काचेच्या नाहीतर एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, कारण काही प्लास्टिक यात विरघळतं. या बाटलीचं प्लास्टिक कुठलं, ड्रॉपरचं रबर कुठलं, काहीच लिहिलेलं नाही, आणि रबरी बोंड कायम लिक्विडच्या वर लटकतंय, बाटली आडवी झाली की त्यात बुडणार. झाकण घट्ट लावायचं कारण हवेतला ओलावा हे भराभर शोषतं. पावसाळ्यात आमच्याकडे सॅम्पलची बाटली जरा उघडी राहिली तरी कार्ल फिशरवर (पाण्याचं प्रमाण मोजायच्या टेस्टमध्ये) पाण्याचा आकडा वर गेलेला दिसतो.

सेलरला मी मेसेज केला, या बॅचचा सीओए आणि बाटलीच्या प्लास्टिकचा प्रकार पाठवा म्हणून. उत्तर आलं, "मॅम, प्रॉडक्ट १००% ओरिजिनल आहे, बिनधास्त वापरा." परत विचारलं की लेबलवर लॅबोरेटरी यूज आहे मग बिनधास्त कशावर वापरू, त्यावर काही आलं नाही. उघडलेली बाटली रिटर्न घेत नाहीत, ठीक आहे. आत्याला सांगितलंय की फिजिओथेरपिस्टकडे जा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घे आणि गुडघ्याचा एक्स-रे करून ये, आतेभाऊ तिला पुढच्या आठवड्यात मिरजेला नेतोय. बाटली माझ्याकडेच आहे, कपाटात वेगळ्या डब्यात, वर मार्करने "लावायचं नाही" लिहून. सीओए आला तर इथेच अपडेट करेन आणि एक स्टार वाढवेन, पण तेव्हाही तो प्रयोगशाळेसाठी घेणाऱ्यांनाच उपयोगाचा असेल.